आबासाहेबांच्या नावावर

वस्तरा गळ्यावर असताना माणसानं काही ऐकू नये. कानिफनाथ न्हावी मात्र नेमका तेव्हाच बोलतो, कारण गिऱ्हाईक तेव्हा उलट बोलत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. माळीवाड्याच्या वेशीजवळ त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक खुर्ची, पारा उडालेला आरसा आणि अखंड चालणारं तोंड. भिंगारच्या छावणीत नवे रणगाडे उतरले, रॉकेल पुन्हा गायब झालं, श्रीगोंद्याकडे कुणाच्या तरी उसाला आग लागली, असलं काहीबाही मी डोळे मिटून ऐकत होतो, म्हणजे ऐकत नव्हतोच. आणि त्याच सुरात, जरासुद्धा आवाज न बदलता तो म्हणाला, "आत्ता शिरस्तेदार आबासाहेबांची दाढी करून आलो. घरी जाऊन करावी लागती आता. डोळं गेलं ना त्यांचं." मी म्हणालो, "कुणाचे?" तेवढ्यानं गळ्याची कातडी हलली. "हलू नका हो, कापंल! आबासाहेबांचं. दोन वर्सं हुत आली की. लई वाईट बघा. तोंडापुढं हात धरला तरी दिसत न्हाई." कापलंच थोडं. त्यानं तुरटीचा खडा फिरवला, काहीतरी पुटपुटला, आणि मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खुर्चीवरून उठलो. तो मागून ओरडत होता, "अहो रावसाहेब, एक बाजू राह्यली!" राहू दे. मागच्या गुरुवारी मी आबासाहेबांच्या नावावर विषांचं पुस्तक दिलं होतं.

आता हे असं तोडून सांगितलं तर कुणालाच कळायचं नाही. मी नगरच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. मोठं वाचनालय नव्हे, कापड बाजाराच्या मागच्या बोळातलं, दोन खोल्यांचं. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत. माझी एक पद्धत आहे. आमच्याकडे वर्गणीदारानं खिडकीशी उभं राहायचं, आत यायचं नाही, आणि पुस्तक मी देईन ते न्यायचं. सगळ्या पुस्तकांना मी एकसारखी खाकी कव्हरं घालतो, पाठीवर फक्त आकडा. कारण माणसाला काय वाचायचंय ते त्याचं त्याला मुळीच कळत नसतं. तो नाव बघतो आणि फसतो. लाकडाच्या वखारीतले राधाकृष्णशेठ संतचरित्रं मागत यायचे आणि न वाचता परत करायचे. त्यांच्या हातात मी भुताखेतांच्या गोष्टी दिल्या, आता ते गुरुवारी माझ्याआधी खिडकीशी हजर असतात. मुलांच्या गोष्टींचं एक जाडं पुस्तक मी एका निवृत्त फौजदाराला दिलं होतं. आधी चिडले, नंतर तेच पुस्तक दोनदा घेऊन गेले. कुणाच्या हातात काय पडलं म्हणजे तो जागा होतो, हे ओळखणं हीच माझी कमाई, आणि बायको ना मूल अशा माणसाला दुसरी कमाई तरी कसली असणार? या सगळ्यांत माझा खरा शोध म्हणजे आबासाहेब. जिल्हा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला, कायद्याच्या कलमांपलीकडे काही न वाचलेला माणूस. पहिल्यांदा स्वतः यायचे, मग येईनासे झाले आणि त्यांच्या घरची छबूबाई पिशवी घेऊन येऊ लागली. म्हातारपण, गुडघे असतील, असं मी धरून चाललो. छबूबाई खिडकीच्या गजांना धरून निरोप सांगायची. "आबासाहेब म्हनत्यात, देवाधर्माचं आता पुरं झालं. लांबच्या मुलखाचं द्या कायतरी." मी प्रवासवर्णन दिलं. मग समुद्राचं मागितलं, बोटींचं, बेटांचं. मग रहस्यकथा. मग एकदा चक्क पाकशास्त्र! मग राजा-राणीच्या गोष्टी. मग नक्षत्रांचं. मी दर गुरुवारी खुश. वा आबासाहेब, म्हातारपणी काय फुटलेत! मी मनातल्या मनात त्यांचं सगळं मांडून ठेवलं होतं: विधुर माणूस, जिभेला चव नाही म्हणून पाकशास्त्र; दुसरं बालपण आलं म्हणून राजा-राणी; रात्री झोप लागत नसणार, गच्चीवर पडून आकाश बघत असणार. त्यांच्याशी मी मनात गप्पा मारायचो. वाटेल ते झालं तरी मला समजणारा या गावात एक वाचक आहे, असं वाटायचं. आणि मागच्या गुरुवारी छबूबाई म्हणाली, "इखाची म्हायती असलेलं बुक हाय का म्हून इचारलंय. घरात-दारात कंची इखं असत्यात, ते." मी हसलो. कोर्टातले जुने खटले आठवत असतील म्हाताऱ्याला! वरच्या फळीवर एका वैद्यांनी लिहिलेला विषचिकित्सेचा जुना ग्रंथ होता, शिडी लावून काढला, धूळ झटकली, कव्हर ठाकठीक केलं. किती प्रेमानं दिला मी तो, शी!

वेशीतून बाहेर पडलो तेव्हा लष्करी गाड्यांची रांग चालली होती, धुरळा डोळ्यांत जात होता आणि मी रस्त्याच्या कडेला अर्धी दाढी घेऊन उभा. ज्याला दिसत नाही तो नक्षत्रांचं पुस्तक काय करील? मग ही पुस्तकं वाचतं कोण? त्या घरात माणसं तीन. आबासाहेब, छबूबाई आणि सून. छबूबाईला अक्षर येत नाही. राहिली विजया. हे नाव मनात उमटलं आणि गळ्यावरची ती जखम चुरचुरायला लागली. आबासाहेबांचा मुलगा शामकांत लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून सिंगापुरास गेला. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं त्याला वर्ष उलटून गेलं. जिवंत नाही, मेला नाही, कैदेत नाही. काहीच कळलेलं नाही. मग ती पुस्तकं माझ्यासमोर एकेक करून पुन्हा उभी राहायला लागली आणि आता त्यांच्यामागे म्हातारा नव्हता. लांबचा मुलूख मागितला तेव्हा तिचा नवरा तिथे होता. समुद्र मागितला तेव्हा तो कुठल्या पाण्यापलीकडे आहे ते तिला बघायचं होतं. पाकशास्त्र, तो आला तर काय करून घालायचं म्हणून. राजा-राणीच्या गोष्टी... मूल नाही त्या घरात. मी तो विचार पुढे जाऊ दिला नाही, पण तो गेलाच. नक्षत्रं, कारण तीच तेवढी दोन्हीकडून दिसतात. आणि मग विष. सरळ रस्ता होता हो! एखादं लहान पोरही वाचू शकलं असतं असा. आणि मी, वाचकांना ओळखणारा मी, तिच्या एकेका पायरीवर स्वतःच्या हातानं पुस्तक ठेवत गेलो, शेवटच्या पायरीपर्यंत. गुरुवारी दिलं, आज सोमवार. मधे इतके दिवस गेले. मी चालायला लागलो, मग जवळजवळ पळायला लागलो.

पळताना मनात काय काय येतं, सांगू नये असं. पहिल्यांदा आला तो पंचनामा. उशाशी सापडलेलं पुस्तक, त्यावर आमच्या वाचनालयाचा जांभळा शिक्का. कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब मिशीवरून हात फिरवत विचारताहेत, "अहो, हे असलं पुस्तक बायामाणसांच्या हाती दिलंत कसं?" इकडे एक बाई मरायला निघाली आणि मला शिक्क्याची काळजी! माझी मला किळस आली. मग आली दमयंती, माझी धाकटी बहीण. आम्ही खर्ड्याला होतो, किल्ल्याच्या तटाखालच्या आळीत. वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद ती गूळ-मीठ डब्यात ओतून झालं की चुलीत घालायच्या आधी वाचायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या पाटीकडे बघून बघून आलं होतं. अर्धी बातमी, कुठल्यातरी गोष्टीचं मधलंच पान, औषधाची जाहिरात. वाचून झालं की तोंड मिटून कामाला लागायची. मी एकदा पाहिलं आणि घरभर ओरडून सांगितलं, "दमी चोरून वाचते!" सगळे हसले. ती हसली नाही. पुढे लग्न होऊन गेली आणि पहिल्या बाळंतपणात संपली. काय काय वाचून गेली कोण जाणे. आबासाहेबांच्या घराकडे जाणाऱ्या नालेगावाच्या चढाला लागलो तेव्हा धाप लागली होती, आणि विजयाचा चेहरा आठवेना. एकदाच पाहिली होती तिला. लग्न झाल्यावर शामकांत घेऊन आला होता. खिडकीच्या गजांतून ती आतल्या फळ्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत येऊन बघता येईल का?" मी म्हणालो, "तसा नियम नाही."

दार उघडंच होतं. छबूबाई अंगणात राखेनं भांडी घाशीत बसली होती. रडारड नव्हती, गर्दी नव्हती. मी चौकटीला धरलं. "अगं बया, तुमी?" ती म्हणाली. "आन त्वांडाला काय झालं?" मी विचारलं, "वहिनी कुठे आहेत? बऱ्या आहेत ना?" "बऱ्या न्हाई तर काय? आत हायेत. वाचत्यात." आतून खरंच आवाज येत होता, बाईचा, एका सुरातला, मधेच थांबणारा, शब्द कळत नव्हते. छबूबाईनं हाक मारली तसा तो थांबला आणि विजयाबाई बाहेर ओसरीवर आल्या. हातात माझं खाकी कव्हराचं पुस्तक, बोट पानात अडकवलेलं. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. "ते पुस्तक द्या इकडे," मी म्हणालो, "आणि आधी सांगा, हे कुणाला हवं होतं?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "त्यांनाच. मामंजींना." मला राग आला. "मला फसवू नका. त्यांना दिसत नाही." "म्हणून तर मी वाचून दाखवते. दोन वर्षं सगळी मीच वाचून दाखवते. दुपारी आम्ही तिघं बसतो. कधी त्यांना हवं ते आणवतो, कधी मला हवं ते, छबूबाईला राजा-राणीचं आवडतं." एका कार्डावर अख्खं घर वाचत होतं आणि मी खिडकीत बसून म्हाताऱ्याचं मन ओळखत होतो! "आणि हे?" मी पुस्तकाकडे बोट केलं. त्यांनी ते छातीशी धरलं. "हे त्यांनीच मागितलं. का मागितलं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला विचारतील. म्हणून वाचते, पण खरं..." तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला. "कोण आलंय गं?"

आबासाहेब खाटेवर ताठ बसले होते. नुकतीच दाढी झालेली, अंगात कोट, डोक्याला टोपी, कोर्टात निघाल्यासारखे. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे. विजयाबाईंनी माझं नाव सांगितलं. म्हणजे वाटभर मी यांच्या सुनेसाठी घाबरत आलो होतो आणि ज्याच्यासाठी घाबरायचं तो हा इथे, चांगला हसतोय. "नृसिंहराव? या, या! आवाज विसरलो होतो तुमचा, पण पुस्तकांवरून ओळख आहेच." मी म्हणालो, "पुस्तक परत न्यायला आलोय. दुसऱ्या एकांना निकड आहे." "विषाची निकड?" ते मजेत म्हणाले. "कोण बुवा हा भाग्यवान?" मी विजयाबाईंच्या हातून पुस्तक घेतलं. ते म्हणाले, "बरं झालं आलात. आमची सून घडाघडा वाचते एरवी, पण याच पुस्तकात दर वाक्याला ठेचाळते. ते घरगुती विषांचं प्रकरण आहे ना, त्याचं पहिलं पान तेवढं तुम्ही वाचून दाखवा. मग न्या." मी विचारलं, "कशाला हवंय तुम्हाला ते?" "खिडकीतून कधी विचारलं नाहीत, आज घरी येऊन विचारता?" मग हसू ओसरलं. "सांगतो. लपवायचं काय त्यात? हिचा भाऊ पारनेरहून दोनदा येऊन गेला. तिथे मुलींच्या शाळेत हिला मास्तरणीची जागा मिळतेय. ही जात नाही. का, तर म्हातारा आंधळा. शामकांतचं काय झालं देव जाणे. माझ्यामुळे ही पोर इथे कुजतेय. मी गेलो की सुटली. इतकं साधं आहे ते." "मामंजी!" विजयाबाई ओरडल्याच. "मी सुटायला मागितलंय का तुमच्याकडे? मला विचारलंत एकदा तरी?" "तू गप. नृसिंहराव, वाचा."

मी खाटेशेजारी बसलो आणि पुस्तक उघडलं. नाही म्हणता आलं असतं. पण म्हातारा हट्टाचा होता, उद्या शेजारच्या कुणालाही बोलावून वाचून घेतलं असतं, आणि त्या माणसानं सरळ वाचलं असतं. पान ठळक छापलेलं होतं. जे होतं ते इतकं सोपं, इतकं हाताशी असलेलं होतं. जन्मभर मी छापलेल्या अक्षराची चाकरी केली. कुणी पानाचा कोपरा दुमडला तरी मला खपत नाही. आता माझ्या डोळ्यांसमोर ती अक्षरं होती आणि कानावर माझाच आवाज येत होता, संथ, पुस्तकी: "'सदर पदार्थापासून साठीच्या पुढील मनुष्यास मृत्यू येत नाही. केवळ दोन दिवस गाढ निद्रा लागते, व तदनंतर तीव्र क्षुधा उत्पन्न होते.'" 'तदनंतर' कुठून आलं देव जाणे, पण आलं, आणि मला जरा बरं वाटलं. मी वर पाहिलं. विजयाबाईंनी डोळे गच्च मिटले होते. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटलं असेल त्यांना. तसं नव्हतं.

आबासाहेबांनी टोपी काढून खाटेवर ठेवली. मग म्हणाले, "काल हिनं वाचलं, की मरण येत नाही पण हातपाय लुळे पडतात आणि वाचा जाते. आज तुम्ही वाचताय, झोप लागते आणि भूक लागते. एकाच पानावर." अंगणातलं भांडी घासणं थांबलं. "उभी हयात साक्षी ऐकण्यात गेली माझी," ते म्हणाले. "साक्षीदार आधी ठरवून आले की शब्द न् शब्द जुळतो. तुमचं काहीच जुळलं नाही. म्हणजे ठरवलेलं नव्हतं. दोघंही आपापल्या मनानं खोटं बोललात." शेवटच्या शब्दाला त्यांचा आवाज चिरकला. विजयाबाई खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या, अगदी मोठ्यानं, माझ्यासारखा परका माणूस समोर असताना. "हो, बोलले खोटं," त्या रडता रडता म्हणाल्या. "उद्याही बोलेन. रोज बोलेन. काय करायचं ते करा." मी तिथे नको होतो. पण उठता येईना. आबासाहेबांनी हात पुढे केला, चाचपत माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही पंजे दाबून धरले. घेतलं म्हणजे गेलंच ते, मला वाटलं. आता हे पुस्तक काही हा माणूस सोडत नाही.

"नृसिंहराव," ते म्हणाले, "दिवाळीच्या सुमाराला तुम्ही एक कादंबरी दिली होती. मुलगा बोटीवर नोकरीला जातो आणि म्हातारा बाप रोज बंदरावर जाऊन बसतो, ती. आठवते?" आठवत नाही कशी! त्या कादंबरीत मुलगा परत येत नाही. बोट बुडाल्याची तार येते, ती बापाला कुणी दाखवत नाही, आणि शेवटच्या पानावर बाप बंदराच्या पायरीवर बसल्या जागी मरतो. ते वाचून मीच चार दिवस धड जेवलो नव्हतो. "आठवते," मी म्हणालो. "शेवटी तो मुलगा परत येतो ना?" त्यांना दिसत नव्हतं, तरीही मी विजयाबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी काय वाचून दाखवलं होतं मला माहीत नव्हतं. आता जे बोलेन त्यावर सगळं होतं, त्या दोन पंजांखालचं पुस्तक, आणि ही दोघं. "येतो," मी म्हणालो. "कसा येतो? नीट सांगा." कसा येतो? छापलेलं काही मदतीला नव्हतं. मी या घराचाच विचार केला, या ओसरीचा, दुपारी मोठ्यानं वाचत बसणाऱ्या या बाईचा. तिनं कसा आणला असेल त्याला? "काही न कळवता येतो," मी म्हणालो. "बाप बंदरावरून नेहमीसारखा हात हलवत घरी येतो, तर हा आधीच येऊन मागल्या दारी जेवायला बसलेला असतो." विजयाबाईंचं रडणं एकदम थांबलं.

"हिनं वाचलं तेव्हा तो मागल्या दारी पाय धूत होता," आबासाहेब म्हणाले. त्या खाकी कव्हरावरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला, आणि मग पंजे उचलून ते पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "एवढा फरक," ते म्हणाले, "खऱ्या साक्षीत पडतोच."